तीसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचा एमआरआय केला तर त्याची पुढची वाढ कशी होईल हे कळतं का?

काही अंशी कळतं. हालचालींबद्दल बरंच, बुद्धी आणि भाषेबद्दल फार कमी.

२००६ साली मेलबर्न आणि क्राइस्टचर्चच्या संशोधकांनी ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या १६७ बाळांचा अभ्यास छापला. प्रसूतीच्या मूळ ठरलेल्या तारखेच्या सुमारास एमआरआय, मग दोन वर्षांनी तपासणी. मेंदूतल्या पांढऱ्या भागात मध्यम ते गंभीर दोष दिसलेल्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारा कायमचा दोष) आणि विकासातला उशीर स्पष्टपणे जास्त होता. पण नीट वाचा: दोष दिसूनही चांगली वाढलेली मुलं त्यात होती, आणि चित्र स्वच्छ असूनही मागे पडलेलीही. टक्केवारी गटाची असते, तुमच्या बाळाची नव्हे.

म्हणूनच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की अशा प्रत्येक बाळाचा सरसकट एमआरआय करू नये. सोनोग्राफीत काही दिसलं असेल किंवा जन्मताना बाळ गुदमरलं असेल, तर मात्र तो जरूर करावा. गुदमरलेल्या बाळात मेंदूच्या आतल्या गाभ्याला इजा झाली आहे का, हे पुढच्या हालचालींबद्दल खूप सांगून जातं. (बऱ्याचदा भूलही लागत नाही, दूध पाजून, गुंडाळून झोपवलं की पुरतं.)

माझं कळकळीचं सांगणं: रिपोर्ट चांगला आला तरी फॉलोअप सोडू नका. प्रसूतीच्या मूळ ठरलेल्या तारखेपासून मोजून तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या आपसूक हालचाली तज्ज्ञाला दाखवा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) केंद्र असेल तर तिथे नाव नोंदवा, थेरपी लवकर सुरू होते.