‘कोल्ड टर्की’ सोडणे म्हणजे काय? हा शब्दप्रयोग आला कुठून?

व्यसन हळूहळू कमी न करता एका झटक्यात, कायमचं बंद करणं. आज दिवसाला दहा सिगारेटी, उद्यापासून एकही नाही.

व्यसनाच्या संदर्भातला याचा एक जुना छापील दाखला 1921 चा, कॅनडातल्या ‘डेली कॉलनिस्ट’ या वर्तमानपत्रातला. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांना दिल्या जाणाऱ्या ‘कोल्ड टर्की’ उपचाराचा उल्लेख त्यात आहे. नशा तुटली की अंगावर काटा येतो, कातडी पिसं उपटलेल्या गार टर्कीसारखी दिसते, म्हणून हे नाव, असं सर्रास सांगतात. मला ते मागाहून जुळवलेलं वाटतं. अमेरिकेत आधीपासून ‘टॉक टर्की’ म्हणजे आडपडदा न ठेवता, रोखठोक बोलणं. त्याच रोखठोकपणातून हा अर्थ आला असावा, हे जास्त पटतं.

आपल्याकडे याच्या जवळचं म्हणजे ‘माळ घालणं’. वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की त्या दिवसापासून दारू-मटण बंद.

एक मात्र कळकळीने सांगतो: रोजची, भरपूर दारू असेल तर ती अशी अचानक तोडू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा.