आधी पाय हातात घे

बाळ,

तुझा व्हिडिओ चारदा बघितला. मनी मांजर 14 वर्षांची, मागचे पाय लटपटतात, टाचा टेकवून चालते. आजी म्हणते वय झालं. तुला ते पटत नाही आणि उलट बोलवतही नाही. मग बोलू नको. मनीचे मागचे पाय हातात घे. व्हिडिओ काढलास, पण पायाला हात लावला नाहीस, पैज लावून सांगते.

ऊन आहेत की गार? पुढच्या पायांशी ताडून बघ. तळव्याच्या गाद्या गुलाबी की पांढुरक्या, निळसर? काळ्या असतील तर नखांच्या मुळाशी बघ. पाय गार, मांजर ओरडतंय आणि हे एकाएकी झालंय, असं असेल तर पुढं वाचू नको, दवाखाना गाठ. हृदयात धरलेली रक्ताची गुठळी कमरेपाशी, मोठी रक्तवाहिनी दोन पायांकडे फुटते तिथं जाऊन अडकते.

आमचा बोका जुलैतल्या एका रात्री असाच मागचं अंग फरफटत आला. मला वाटलं माळ्यावरून पडला. खोबरेल चोळत बसले. खानापूरचा पाऊस, लाईट गेलेली, मलप्रभा फुगलेली, बेळगावला नेणार कसं? असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. पण पाऊस नसता तरी मी तेलच चोळलं असतं. पाय गार लागत होते की हाताला! मी म्हटलं, भिजलाय. पहाटे गेला तो. वाटीत तेल तसंच होतं.

मनीचं हळूहळू चाललंय, तेव्हा तिचे पाय बहुतेक ऊन लागतील. मग पाणी बघ. भांडं सारखं रिकामं होतंय, लघवी वाढलीय, खाऊनही वाळत चाललीय? साखरेचा आजार, मधुमेह असू शकतो. त्यात नसा दुबळ्या होतात आणि मांजर नेमकं असं टाचांवर येतं. साखर वेळेत आटोक्यात आली तर चाल सुधारूही शकते. मानही खाली झुकत असेल तर मूत्रपिंडं थकून पोटॅशियम उतरलेलं असेल. उडी टाळते, कमरेवरचे केस चाटत नाही म्हणून गुंतलेत, तर संधिवात. या वयात तो फार मांजरांना असतो. मणक्याचंही दुखणं असू शकतं. यातली दोन एकत्रही असतात, म्हणून रक्त-लघवी तपासायला लाव.

दवाखान्यात पुढं म्हशींची रांग असेल. कुणी 'वयस्सायतु', म्हणजे वय झालं, म्हणून वाटेला लावायला बघेल. हटू नको. कानडीत म्हटलं म्हणून काय रोग कळला?

आजीच्या डब्यातली पॅरासिटामॉल मात्र अर्धीसुद्धा द्यायची नाही. मांजराला ते विष आहे. माणसाची दुसरी कुठली दुखण्याची गोळीही नको.

पण आधी पाय. होय, परत तेच. हातात घेऊन बघ आणि लगेच फोन कर. व्हिडिओ पाठवू नको.

तुझी काकी