आधी पत्त्याची बाजू वाचा

आत्याच्या ट्रंकेत पणजीला आलेलं जुनं पोस्टकार्ड सापडलं. पाठवणारा नळदुर्गचा, पत्ता सोलापूरच्या साखर पेठेतला, शिक्का पुसट. यावरून मूळ गाव कळेल का, असं तुम्ही विचारलंय. कळू शकेल, पण मजकुरावर फार विसंबू नका. ‘इकडील सर्व क्षेम, पाऊसपाणी बरे’ हे तेव्हा सगळेच लिहायचे. पत्त्याची बाजू जास्त बोलते.

फोटोत छापील तिकीट 5 नये पैशांचं दिसतंय. नये पैसे 1 एप्रिल 1957 ला आले, तेव्हा कार्ड त्याआधीचं नाही. नंतर किती, ते तिकिटावरून ठरवू नका. कार्डं आणून ठेवायची आणि पुरवून वापरायची अशी तेव्हाची घरं. शिक्क्यावर बाजूने तिरपा टॉर्च मारून फोटो काढा, बरेचदा आकडे उठतात. (लॅमिनेशन मात्र कृपा करून नको!)

खरा माल नावाच्या आधी आहे. पणजीला ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी, विधवेच्या नावाआधी लिहायचे) लिहिलंय, म्हणजे पणजोबा तोवर गेले होते. आजोबांच्या सगळ्यात धाकट्या भावंडाचं जन्मसाल काढा. ते साल आणि कार्डाचं साल, साधारण यांच्या मधला मृत्यू. एवढा अंदाज घेऊन महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जा. नोंद 1964 च्या आधीची असेल तर ती नगरपालिकेच्या काळातली, हे खिडकीवरच सांगा. साल न सांगता ‘पणजोबांची नोंद द्या’ म्हटलं तर कोण शोधणार?

‘मार्फत’पुढे एका दुकानदाराचं नाव आहे. नव्याने शहरात आलेल्याची पत्रं सहसा गाववाल्याच्या नाहीतर सोयऱ्याच्या पत्त्यावर यायची. त्या आडनावाचं कुणी पेठेत असेल तर कागदांच्या आधी त्यांना भेटा. सोबत आजोबांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा (शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवहीचा) उतारा मागा. जन्मगाव बहुधा तिथेच सापडेल.

गाव नळदुर्गकडचं निघालं, तर मगच तुळजापूर तहसील; नळदुर्ग त्याच तालुक्यात येतं. नळदुर्गचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथले जुने कागद उर्दूत किंवा मोडीत निघतात. सोबत उर्दू वाचणारं माणूस न्या, आणि आडनाव जरा वेगळं लिहिलेलं दिसलं तरी लगेच पान उलटू नका. बापाचं नाव जुळतंय का ते आधी बघा.