पहिल्या आठवड्यात गप्प बसू नकोस

आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या निवासी शाळेत तुझी निवड झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. सोलापूरच्या मराठी शाळेतून मीही अशाच शाळेत गेलो होतो, म्हणून सांगतो. वर्गात बोल. आपल्याकडे सरांनी विचारलं तरच उत्तर द्यायची सवय असते. तिथे टेबलाभोवती दहा-बारा जण बसतात आणि प्रत्येकानं मत मांडावं अशीच अपेक्षा असते. मी पंधरा दिवस मनातल्या मनात वाक्य जुळवत बसायचो, तोवर चर्चा पुढे गेलेली असायची. इंग्रजी अडखळलं तरी चालतं रे, शेजारच्या कोरियन पोराचंही अडखळत होतं.

सहा विषयांपैकी किमान 3 वरच्या पातळीचे, म्हणजे जास्त खोलात शिकायचे, घ्यावे लागतात. गणित कुठलं घ्यायचं, ते पुढच्या कॉलेजच्या अटी बघून ठरव. मराठी साहित्य स्वयंअध्ययनानं घेता येईल का, हे पहिल्याच दिवशी विचार. 4000 शब्दांपर्यंतचा मोठा निबंध असतो, त्यासाठी आपल्या यंत्रमागाच्या चादरींचा विषय अर्थशास्त्रात फार छान बसेल.

शेंगाचटणी मात्र दोन डबे ने. माझा एक डबा पहिल्याच रात्री संपला. पण चटणी खायला आलेले तिघे अजून माझे जिवाभावाचे मित्र आहेत.