एडिसन टाउनशिपचा कारभार: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आपल्याकडे बिल्डरने उभारलेल्या वसाहतीला टाउनशिप म्हणतात. मग न्यू जर्सीतील एडिसनला टाउनशिप का म्हणावे?

उत्तर: तेथे टाउनशिप हा नगरपालिकेचा एक कायदेशीर प्रकार आहे. बरो, सिटी, टाउन आणि व्हिलेज हे उरलेले चार प्रकार असून राज्यातील प्रत्येक घर यांपैकी कोणत्या ना कोणत्या नगरपालिकेच्या हद्दीत येतेच. एडिसनची स्थापना १८७० मध्ये रॅरिटन टाउनशिप या नावाने झाली. याच टाउनशिपमधील मेन्लो पार्क येथील थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेची आठवण म्हणून १९५४ मध्ये हे नाव बदलण्यात आले. त्यापूर्वीच, १९०० मध्ये, मटचन वेगळे होऊन स्वतंत्र बरो झाले होते, म्हणूनच आज ते चहूबाजूंनी एडिसनने वेढलेले दिसते.

प्रश्न: आमचा पत्ता आयसेलिनचा आहे, पण घरपट्टीचे बिल वूडब्रिजकडून येते. हे बरोबर आहे का?

उत्तर: बरोबर आहे. आयसेलिन हे वस्तीचे आणि टपालाचे नाव असून त्याला स्वतःची नगरपालिका नाही; ते वूडब्रिज टाउनशिपमध्ये येते.

प्रश्न: घरपट्टी एडिसन टाउनशिप वसूल करते, मग शाळेविषयीची तक्रार ती का ऐकून घेत नाही?

उत्तर: हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि गोंधळ होणे स्वाभाविक आहे. बिल एकच असले तरी त्यातील पैसा मुख्यतः तीन ठिकाणी जातो: शाळा, मिडलसेक्स काउंटी (एडिसन ज्यात येते तो जिल्हा) आणि टाउनशिप. त्यात शाळांचा वाटा सर्वांत मोठा असतो. मात्र शाळांचा कारभार महापौरांच्या हाती नसून मतदारांनी स्वतंत्रपणे निवडलेल्या स्कूल बोर्डाकडे आहे, त्यामुळे वर्गातील गर्दीपासून शाळेच्या बसपर्यंतची गाऱ्हाणी त्या बोर्डाच्या सभेतच मांडावी लागतात. पोलीस, स्थानिक रस्ते आणि बांधकामाचे परवाने ही कामे टाउनशिपची आहेत. घराचे मूल्यांकन जास्त झाले आहे असे वाटल्यास दाद काउंटीच्या कर मंडळाकडे मागायची असते आणि मिडलसेक्समध्ये त्याची नेहमीची मुदत १ एप्रिल असते. बिल हाती पडल्यावर जागे होणारे अनेकजण ही मुदत चुकवतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्न: मी एच-१बी व्हिसावर आहे, मला मत नाही. आमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला तरी भेटता येईल का?

उत्तर: एडिसनमध्ये प्रभाग नाहीत. काउन्सिलचे सातही सदस्य संपूर्ण टाउनशिपमधून निवडले जातात, म्हणून आपण कोणाकडेही जाऊ शकता. शिवाय खुल्या सभांविषयीच्या १९७५ च्या कायद्यानुसार काउन्सिलला आपल्या सभेत लोकांना बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो आणि तेथे बोलण्यासाठी मतदार असण्याची अट नाही. अर्थसंकल्पावर जाहीर सुनावणीही होते. आपण कर भरता, तेव्हा तिला अवश्य जा आणि गल्लीतील दिव्यांसारखी एखादी नेमकी मागणी लेखी घेऊन जा.