पडतो तिथून बोल

प्रिय बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, सकाळी चहा घेताना परत वाचला. सहा ऑगस्टला, हिरोशिमा दिनाला, पणजीच्या आझाद मैदानावर तुम्ही अण्वस्त्रांविरुद्ध थोडेसेच जमलात, पाऊस आल्यावर त्यातलेही निम्मे पांगले, एकानं स्कूटर थांबवून "पाकिस्तानात जा" म्हटलं आणि गेला. वर फॅमिली ग्रुपवर मावसभावानं लिहिलं की आम्ही वास्कोला नौदलाच्या तळावर ड्युटी करतो आणि तू इथं आमच्याच पाठीत सुरा खुपसतेस. आता तू विचारतेस, मावशी, डिटरन्सवाल्यांना, म्हणजे आपल्याकडे बॉम्ब असला की त्या धाकानं समोरचा टाकत नाही म्हणणाऱ्यांना, काय उत्तर देऊ, आणि बॉम्ब नको म्हणणं म्हणजे भावाच्या विरुद्ध जाणं का.

धीर मी देणार नाही, तुला त्याची गरज नाही. बॉम्ब तुला नकोत, मला नकोत, ते धरून पुढं बोलू. माझा वैताग तुझ्या भाषणावर आहे. व्हिडिओ पूर्ण बघितला मी. चीन आला, अमेरिका आली, सत्तेचा समतोल आला, जागतिक शांतता तर दर दोन वाक्यांनी आली, आणि भाजलेलं माणूस एकदाही आलं नाही!

बॉम्ब जो टाकतो त्याच्या जागेवरून बोलू नको बाय. ज्याच्यावर पडतो त्याच्या जागेवरून बोल. पडतो तिथून बोल. मला सांगायचंय ते एवढंच, बाकी पत्रभर मी तेच परत परत सांगणार आहे.

मी सिस्टर होते हे तुला माहीत आहे, पण त्यातली बरीच वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात गेली हे बहुतेक माहीत नसेल. तर ऐक. पन्नास किलोची बाई, अर्धं अंग भाजलेलं. आम्हाला शिकवलेला हिशोब असा, वजनाच्या प्रत्येक किलोमागे आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे चार मिली, म्हणजे पहिल्या चोवीस तासांत दहा लिटर सलाईन, अर्ध्या लिटरच्या वीस बाटल्या. त्यातल्या दहा पहिल्या आठ तासांत जायला हव्यात, आणि तास भाजल्यापासून मोजायचे, हॉस्पिटलात आणल्यापासून नाही. शीर सापडत नाही, सापडली तर वर चिकटपट्टी चिकटत नाही कारण चामडी उरलेली नसते. तासातासाला लघवी मोजायची. ड्रेसिंगला दोघी जणी लागतात, जुनं गॉज ओलं करून करून इंचाइंचानं सोडवायचं, तास सहज जातो, आणि ती बाई शुद्धीवर असते, मुलांनी जेवलं का विचारत असते. हे सगळं एका पेशंटचं, आणि ते पण वीज आहे, नळाला पाणी आहे, रक्तपेढी चालू आहे, मी धडधाकट आहे असं धरून.

आता हिरोशिमा घे. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. ते वर्ष संपेपर्यंत साधारण १ लाख ४० हजार माणसं गेली, नागासाकीत आणखी ७४ हजारांच्या आसपास. हिरोशिमातल्या दहापैकी नऊ डॉक्टर-नर्स मेल्या नाहीतर जखमी झाल्या. रेडक्रॉसचे डॉ. मार्सेल जुनो औषधं घेऊन पोचले ते थेट सप्टेंबरात. म्हणजे बाटली लावणारी सिस्टर बाटलीसकट गेलेली. मी जेव्हा जेव्हा हे वाचते तेव्हा मला मंत्री आठवत नाहीत, जनरल आठवत नाहीत, मला ड्युटी रूममधला तो बाटल्यांचा रॅक दिसतो.

हे तू पणजीत बोल. चर्चसमोर उभी राहा आणि तिथून दीड किलोमीटर मोज. आल्तिनो आत येतं, मळा येतो, फोन्तेन्हास, मार्केट, पाटोचा बसस्टँड, सगळं आत. हिरोशिमात तेवढ्या टप्प्यात जवळजवळ काहीच उभं राहिलं नाही, आणि तो बॉम्ब आजच्या मानानं लहान. त्याच्या बाहेरचे जे भाजून जिवंत राहतील ते बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, येणार, जर रस्ता असेल तर. प्रत्येकाला वीस बाटल्या. डॉक्टर लोकांनी हे फार पूर्वी सांगून ठेवलंय. अमेरिकन आणि सोव्हिएत डॉक्टरांनी मिळून १९८० ला आयपीपीएनडब्ल्यू ही अणुयुद्धविरोधी डॉक्टरांची संघटना काढली, म्हणणं एवढंच की यावर उपचार नाही, फक्त टाळणं आहे. १९८५ ला त्यांना नोबेल मिळालं.

डिटरन्सचा वाद तू जिंकणार नाहीस. जिंकायचाही नाही, कारण त्या वादात शिरलीस की तू टाकणाऱ्याच्या खुर्चीत बसलीस. तो म्हणेल त्यांच्याकडे आहे म्हणून आपल्याकडे हवा, मग तू आकडे काढणार, सिप्री या शस्त्रांचा हिशोब ठेवणाऱ्या संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानं भारताकडे साधारण १८० अण्वस्त्रं, पाकिस्तानकडे १७०, जगात १२ हजारांवर, मग तो चीन काढणार, रात्र संपेल. त्यापेक्षा एकच विचार, चुकून सुटला तर? ९ मार्च २०२२ ला आपलं ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती. नंतर हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना काढलं. हे काल-परवाचं आहे. त्या गावात ज्याच्या शेजारी ते पडलं त्या माणसाच्या जागी उभी राहून समतोल म्हणजे काय ते सांग बरं.

आपल्याच गोव्याची गोष्ट सांगते. १९८३ च्या नोव्हेंबरात कॉमनवेल्थचे सगळे नेते आग्वादला येऊन राहिले होते, इंदिराबाई होत्या, थॅचरबाई होत्या, त्यांच्यासाठी रस्ते गुळगुळीत केले होते. त्यांनी तिथं एक गोवा डिक्लरेशन काढलं, अण्वस्त्रांच्या शर्यतीची काळजी करणारं. त्याच्या दोनच महिने आधी सोव्हिएत उपग्रहांच्या इशारा यंत्रणेत खोटी धोक्याची घंटा वाजली होती आणि पेट्रोव्ह नावाच्या एका अधिकाऱ्यानं ती खोटी असणार असं मनाशी ठरवलं म्हणून आपण वाचलो, हे कोणाला ठाऊकही नव्हतं. पुढं १९८८ ला राजीव गांधींनी युनोत २०१० पर्यंत अण्वस्त्रं संपवायचा आराखडा मांडला. चांगला होता. दहा वर्षांत पोखरण झालं. मी ह्या लोकांना वाईट म्हणत नाही, पण वरच्यांनी वरच्यांना दिलेले कागद ते. गोव्यात कोणाला विचार गोवा डिक्लरेशन काय ते.

आणि आता तोक्योचा सुगिनामी भाग. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, हिरोशिमाच्या साधारण हजारपट. जपानी मच्छीमार बोटीवर, २३ जण होते त्यावर, पांढरी राख पडली. बोट बंदरात आली, माणसं आजारी, मासळी किरणोत्सारी. बाजारात कोण मासे घेईना. मग सुगिनामीतल्या घरच्या बायकांनी, मासे विकणाऱ्यांच्या बायका त्यात होत्या, सह्या गोळा करायला सुरुवात केली. वर्ष-सव्वा वर्षात देशभरात तीन कोटींच्या वर सह्या. १९५५ च्या ऑगस्टात हिरोशिमात पहिली जागतिक परिषद त्यातूनच भरली, आणि इतकी वर्षं तोंड मिटून बसलेले हिबाकुशा, म्हणजे बॉम्बमधून वाचलेली माणसं, पुढं आले, १९५६ ला त्यांची निहोन हिदानक्यो संघटना झाली, २०२४ ला नोबेल.

तुला हे समजायला जपानला जायला नको. २०१८ च्या जुलैत मडगावच्या होलसेल मार्केटात मासळीला फॉर्मेलिन असल्याची बातमी फुटली तेव्हा आठव, तू तेव्हा शाळेत असशील. आठवडाभर घराघरात नुस्तं, म्हणजे मासळी, बंद. ज्या बायका कधी सभेला गेल्या नाहीत त्या आमदाराला फोनवर झाडत होत्या, कारण संकट ताटात आलं होतं. बॉम्ब ताटात येतो हे तू सांगितलंस का कधी? शास्त्रज्ञांनी हिशोब केलाय की भारत-पाकिस्तानात हिरोशिमाएवढे शंभर बॉम्ब शहरांवर पडले तर पन्नास लाख टन काजळी वर जाते, ऊन अडतं, जगभर पाऊस कमी होतो. म्हणजे बॉम्ब लाहोरला पडू दे नाहीतर दिल्लीला, तुझ्या आजीच्या खाजन शेतातल्या भातालाही त्याचा फटका बसणार. ती आजी तुझी पहिली श्रोता असायला हवी होती, आझाद मैदान नव्हे.

अण्वस्त्रबंदीचा करार कसा झाला तेही बघ. वर्षानुवर्षं क्षेपणास्त्रं मोजत बसले, काही हललं नाही. मग काही देशांनी आणि आयकॅन या अण्वस्त्रविरोधी संघटनांच्या आघाडीनं विषय बदलला, बॉम्ब पडल्यावर माणसाचं काय होतं एवढंच बोलायचं ठरवलं, त्यावर परिषदा भरवल्या, २०१३ ला ओस्लो, मग मेक्सिकोतलं नायारित, मग व्हिएन्ना. हिरोशिमात तेरा वर्षांची असताना ढिगाऱ्याखाली सापडलेल्या सेत्सुको थर्लो जगभर जाऊन आपल्या मैत्रिणींबद्दल बोलल्या. ७ जुलै २०१७ ला १२२ देशांनी बंदीचा करार केला, २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे. अण्वस्त्रवाल्या नऊ देशांतला एकही त्यात नाही, आपणही नाही. तरी त्या करारात बळींना मदत द्यायचं कलम आहे. पोखरणजवळच्या खेतोलाईतली घरं १९९८ ला तडकली, त्या माणसांचं कोण बोलतं? तू बोल.

भावाचं. त्याच्याशी भांडू नको आणि त्याची माफीही मागू नको. ॲडमिरल रामदास नौदलाचे प्रमुख होते, १९९० ते ९३. निवृत्तीनंतर अलिबागकडे राहिले आणि मरेपर्यंत अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिले, २००४ ला पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे मिळालं. त्यांना पाठीत सुरा म्हणायची हिंमत तुझ्या भावाची होणार नाही. आणि त्याला हेही सांग की वास्कोत नौदलाचा हंसा तळ, विमानतळ आणि मुरगाव बंदर एकाच ठिकाणी आहेत, कोणीही नकाशा बघितला तर हाताचं बोट पहिलं तिथंच जाणार, म्हणजे पडतो त्या जागी तोच बसलाय. तू बोलतेस ते त्याच्यासाठीच.

माझंही एक सांगते. मे १९९८ ला पोखरणच्या चाचणीचे वॉर्डात पेढे वाटले. मी घेतला नाही. ज्या सिस्टरनं पेढा पुढं केला तिच्याबरोबर मी किती नाईट काढल्या असतील, माझ्या बाळंतपणात तिनं डबे आणले होते. त्यानंतर आम्ही ड्युटीपुरतं बोललो, ती निवृत्त होईपर्यंत. आता ती नाही. ते दुःख मला आहे, राहणार. पण आज परत कोणी तो पेढा पुढं केला तरी मी घेणार नाही. समोर सत्तर टक्के भाजलेली पोर होती, तिच्या खाटेजवळ उभं राहून मी तो कसा तोंडात टाकणार होते?

लोक मला अजून म्हणतात, खाणींनी गाव खाल्ला, कोळशानं वास्को काळं झालं आणि सिस्टर बॉम्बचं घेऊन बसल्या. तू पण हळूच तेच विचारलंयस, "इथले प्रश्न सोडून हे कशाला". बाय, खाणीच्या मोर्चाला मी गेलेय, धूळ माझ्याही घरात आलीय. पण खाणीवर बोलणारे गावात शंभर होते. ह्यावर कोणीच नव्हतं. आपले दामोदर कोसंबी, केवढा गणिती, गोव्यात जन्मलेला, त्यांच्या नावानं पणजीत व्याख्यानं होतात, गर्दी होते, पण हा माणूस जागतिक शांतता परिषदेत होता आणि अणुभट्टीपेक्षा सूर्याची ऊर्जा घ्या म्हणून भांडत होता हे त्या गर्दीतल्या कितींना माहीत आहे? कोणीतरी धरून ठेवायला लागतं. मी धरलं. फोंड्याला तिस्कावर सहा ऑगस्टला मी छत्री घेऊन उभी राहते ती कोण थांबेल म्हणून नाही, पण थांबतात. पाव विकणारा पोदेर थांबतो, कदंबा बसची कंडक्टर थांबते, आणि मी त्यांना डिटरन्स सांगत नाही, वीस बाटल्यांचा हिशोब सांगते. त्यांना तो लगेच कळतो, कारण घरोघरी कोणीतरी कधीतरी स्टोव्हनं नाहीतर गरम तेलानं भाजलेलं असतं.

तर आता काम. मोर्चा सध्या नको. तुझ्या गावची रविवारची ग्रामसभा कधी आहे ते पंचायतीत विचार, ठरावाचा अर्ज आगाऊ दे, इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नको. न्यूझीलंडमध्ये गावांनी आणि शहरांनी आधी स्वतःला अण्वस्त्रमुक्त जाहीर केलं, देशाचा कायदा १९८७ ला त्यांच्या मागून आला. आपले लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचा एक, तिन्ही खासदारांना ठरावाची प्रत जाऊ दे, भारतानं बंदी कराराच्या बैठकीला निदान निरीक्षक म्हणून बसावं एवढंच मागायचं, सही करा म्हटलंस तर पहिल्याच ओळीला फाईल बंद करतील. उत्तर नाही आलं तर महिन्यानं परत लिही. मी तेच करते, आणि हो, बहुतेकदा उत्तर येत नाही, तरी लिहिते.

त्याआधी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला जाऊन भेट, अर्धा तास माग, भाजलेला पेशंट आला तर तू काय करतेस ते तिच्या तोंडून ऐक आणि लिहून घे. ग्रामसभेत तीच उभी राहून बोलली तर उत्तम, तू मागं बस. ठरावाचा मसुदा मला गुरुवारपर्यंत पाठव. पहिल्या परिच्छेदात भाजलेलं माणूस नसेल तर मी तो परत पाठवणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तुझी,
सिस्टर मावशी