नऊ कारणं, नव्वद टक्के आणि एक गोळी : हृदयविकाराच्या संशोधनावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डॉ. सलीम युसुफ यांच्या संशोधनाची ओळख करून दिली होती. मूळचे केरळमधल्या कोट्टारक्कराचे, बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे ऑक्सफर्डला गेलेले आणि १९९२ पासून कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात काम करणारे हे हृदयरोगतज्ज्ञ. त्या टिपणावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

हार्ट अटॅकमागची ९० टक्के कारणं नऊच आहेत, असं युसुफ यांच्या अभ्यासात आहे. माझ्यात त्यातलं एकही नाही. मग मला ९० टक्के धोका नाही असं समजू का? आणि आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीतच झटका येतो, तो रक्तातूनच येतो ना? – वाचक, सातारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. ९० टक्के हा आकडा सबंध लोकसंख्येचा आहे, तो एका माणसाला लावता येत नाही.

‘इंटरहार्ट’ हा युसुफ यांचा अभ्यास २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ५२ देशांतल्या रुग्णालयांत पहिल्यांदाच झटका येऊन दाखल झालेले सुमारे १५ हजार रुग्ण घेतले आणि त्यांच्याच वयाचे, त्याच लिंगाचे, हृदयविकार नसलेले जवळपास तेवढेच लोक तुलनेला घेतले. दोन्ही गटांत कोणती गोष्ट किती जास्त आढळते, हे मोजलं. नऊ घटक निघाले: धूम्रपान, रक्तातल्या चरबीचं प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, रोज फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं आणि मद्यपानाची सवय. यातला शेवटचा घटक उलट्या दिशेने, किंचित संरक्षक असा दिसला. त्यावरून कुणी प्यायला सुरुवात करू नये, तो नऊंतला सर्वांत लेचापेचा दुवा आहे.

आता गंमत पाहा. धूम्रपानाच्या वाट्याला ३५.७ टक्के, चरबीच्या ४९.२, ताणाच्या ३२.५, पोटाच्या घेराच्या २०.१, रक्तदाबाच्या १७.९ असं करत नऊंची बेरीज केली, तर ती १९८ टक्के भरते. हा छपाईचा घोळ नाही. एकाच माणसाला सिगारेट, मधुमेह आणि सुटलेलं पोट असं तिन्ही असू शकतं, आणि त्याचा झटका तिन्ही खात्यांत मोजला जातो. प्रत्येक आकड्याचा अर्थ इतकाच की, हा एक घटक समाजातून पूर्ण नाहीसा झाला आणि तोच खरा कारक असला, तर झटक्यांची संख्या इतकी घटेल. आणखी एक अडचण ताणाच्या आकड्यात आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाला ‘गेलं वर्षभर ताण होता का?’ असं विचारलं, की त्याला तो जास्त आठवतो. म्हणून ताणाचे ३२.५ टक्के मी रक्तदाबाच्या १७.९ इतक्या भरवशाने वाचत नाही. रक्तदाबाचा दुवा गोळ्यांच्या चाचण्यांनीही पक्का झाला आहे, ताणाचा तितका झालेला नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच अभ्यासातून निघालेल्या २००७ सालच्या निबंधात आहे. त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ इथे पहिल्या झटक्याचं सरासरी वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत ५८.८. पण हा फरक समजावून सांगायला वेगळं रक्त शोधावं लागलं नाही. तेच नऊ घटक आपल्याकडे लवकरच्या वयात साठतात आणि व्यायाम, रोजची फळं-भाजी या संरक्षक सवयी कमी पडतात, एवढ्यानेच बहुतेक उलगडा झाला. घराण्यात लवकर झटका आलेला असेल तर तपासण्या लवकर सुरू कराव्यात. ‘रक्तातच आहे’ म्हणून हातपाय गाळू नयेत.

वडील बिडी-सिगारेट ओढत नाहीत, फक्त तंबाखू-चुना. धूर नाही तर हृदयाला काय त्रास? – वाचक, अंबाजोगाई

त्रास आहे. इंटरहार्टचाच तंबाखूवरचा निबंध २००६ साली आला. न वापरणाऱ्यांच्या तुलनेत चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता २.२३ पट, बिडीवाल्यांत २.८९ पट आणि धूम्रपान व चघळणं दोन्ही करणाऱ्यांत ४.०९ पट दिसली. ‘सिगारेट सोडली आणि मळायला लागलो’ ही सुटका नव्हे. धूम्रपान सोडलेल्यांचा धोका तीन वर्षांत १.८७ पटीवर उतरला होता. मिश्री आणि गुटखाही तंबाखूच.

माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २३ आहे, तरी डॉक्टर पोटाचा घेर मोजायला सांगतात. पँटचा नंबर ३४ सांगितला तर ते हसले. – वाचक, डोंबिवली

पँट पोटाच्या खाली बांधली जाते, म्हणून हसले असणार. ढेरी वाढली तरी पट्टा तिच्याखाली सरकतो आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

शिंप्याकडची कापडी, पण न ताणलेली टेप घ्या. सकाळी, खाण्याआधी, सरळ उभे राहा, पावलांत थोडं अंतर ठेवा. सगळ्यात खालची बरगडी बोटाने चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा. दोन्हींच्या मधोमध टेप येऊ द्या. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडल्यावर वाचा. पोट आत ओढलं की तीन-चार सेंटीमीटर सहज चोरले जातात. पाठीमागे टेप खाली घसरते, ती आरशात पाहा किंवा दुसऱ्याला धरायला सांगा. मग नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर दुसरं माप. पहिल्याला दुसऱ्याने भागा: ९२ ला ९६ ने भागलं तर ०.९६. पुरुषांत ०.९०, स्त्रियांत ०.८५ ओलांडलं की धोक्याकडे कल. नुसता घेर पाहायचा तर भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही रेघ धरतात.

२००५ सालच्या निबंधात युसुफ यांच्या गटाने २७ हजारांवर लोकांत हे गुणोत्तर बीएमआयपेक्षा झटक्याशी बरंच घट्ट जोडलेलं दाखवलं. तुमचा २३ बीएमआय तुम्हाला धीर देतो, पण चरबी कुठे साठली आहे हे तो सांगत नाही.

आईचं वय ६४. मधुमेह आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे. बीपी नॉर्मल असताना डॉक्टरांनी रामिप्रिल दिलं. मेडिकलवाले म्हणाले, ही तर बीपीची गोळी. त्यात तिला कोरडा खोकला लागलाय. आणि हृदयासाठी घेत असलेलं व्हिटॅमिन ई का बंद करायला सांगितलं? – वाचक, कोल्हापूर

तिन्ही प्रश्नांना युसुफ यांची ‘होप’ ही चाचणी लागू पडते. २००० साली प्रसिद्ध झाली. ५५ वर्षांवरचे ९,२९७ लोक. एकतर रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, किंवा मधुमेहाबरोबर आणखी एखादा धोका असलेले. सुरुवातीला त्यांचा सरासरी रक्तदाब १३९/७९ होता, म्हणजे फार चढलेला नव्हताच. निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम रामिप्रिल, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. साधारण साडेचार-पाच वर्षांत झटका, पक्षाघात किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू यांपैकी काहीतरी १७.८ टक्क्यांऐवजी १४ टक्क्यांना झालं.

जाहिरातीत याचे ‘२२ टक्के धोका कमी’ होतात. खोटं नाही, पण आईसाठी दुसरा हिशेब कामाचा आहे: १७.८ वजा १४ म्हणजे ३.८. सुमारे २६ जणांनी ती सगळी वर्षं गोळी घेतली तर एकाचा प्रसंग टळतो. आईसारख्या रुग्णात हा सौदा चांगला आहे. ठणठणीत चाळिशीच्या माणसात तोच २२ टक्क्यांचा आकडा फारसं काही देणार नाही, कारण त्याचा मूळ धोकाच लहान.

खोकला ओळखीचा आहे. ही गोळी ज्या विकराला (एन्झाइमला) अडवते, तोच ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडत असतो. तो साठला की घसा खवखवतो. कफ सिरपने जात नाही. चाचणीत खोकल्यामुळे गोळी सोडणारे ७.३ टक्के होते, पण दवाखान्यात प्रमाण जास्त दिसतं. कारण चाचणीआधी सगळ्यांना आठवडाभर २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं होतं आणि ज्यांना सोसलं नाही त्यांना गाळलं होतं. असा चाळणीचा टप्पा आहे का, हे कुठल्याही चाचणीत आधी पाहावं. परस्पर गोळी बंद करू नका. डॉक्टर टेल्मिसार्टनसारखी पर्यायी गोळी देऊ शकतात. युसुफ यांच्याच २००८ सालच्या ‘ऑनटार्गेट’ चाचणीत ती रामिप्रिलच्या तोडीस तोड ठरली आणि खोकल्यामुळे सोडणारे ४.२ टक्क्यांऐवजी १.१ टक्के होते. दोन्ही एकत्र मात्र नकोत: फायदा वाढला नाही, उपद्रव वाढला.

गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं माप) आणि पोटॅशियम तपासतात. या काळात ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो. ओठ, जीभ, चेहरा सुजला तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठायचं.

व्हिटॅमिन ई? त्याच चाचणीत ४०० युनिट रोज दिलं होतं. घेणाऱ्यांत प्रसंग १६.२ टक्के, न घेणाऱ्यांत १५.५. पैसे वाचवा.

पन्नाशीनंतर सगळ्यांनी एकच ‘पॉलीपिल’ घ्यावी का? निदान रोज ॲस्पिरिन? – वाचक, पुणे

पॉलीपिल म्हणजे अनेक औषधं एकाच गोळीत. या कल्पनेची चाचणी भारतातच झाली. २००९ सालच्या ‘टिप्स’मध्ये ५० भारतीय केंद्रांवर २,०५३ लोक होते. कॅप्सूलमध्ये रक्तदाबासाठी थायझाइड १२.५, ॲटेनोलॉल ५०, रामिप्रिल ५, कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन २० आणि ॲस्पिरिन १०० मिलिग्रॅम. तेव्हा फक्त रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल उतरतं का, एवढंच पाहिलं, उतरलं. झटके टळतात का, हे ‘टिप्स-३’ने तपासलं: ५,७१३ लोक, त्यातले जवळपास निम्मे भारतातले, हृदयविकार नसलेले पण धोका असलेले. औषधांचे डोस दुप्पट केले होते आणि ॲस्पिरिन वेगळी ठेवली होती.

सरासरी ४.६ वर्षांत प्रसंग ५.५ वरून ४.४ टक्क्यांवर आले, हजारात अकरा कमी. पण आकड्यांतली अनिश्चितता धरली, तर ‘काहीच फरक नाही’ ही शक्यता अगदी काठावर उरत होती. ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन एकटीने ठोस काही दाखवलं नाही. पॉलीपिल आणि ॲस्पिरिन दोन्ही घेणाऱ्यांत प्रसंग ५.८ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर आले. म्हणून ‘सगळ्यांनी’ नाही, धोका मोजून. दमा असलेल्याला ॲटेनोलॉल चालत नाही, उतारवयात थायझाइडने सोडियम घसरू शकतं, आणि एका गोळीतलं एकच औषध कमी करता येत नाही. निरोगी माणसाने मेडिकलमधून आणून रोज ॲस्पिरिन तर घेऊच नये. पोटातला रक्तस्राव हा तिचा खरा उपद्रव आहे.

खरा तोटा दुसरीकडे होतोय. युसुफ यांच्या ‘प्युअर’ या पाहणीचा २०११ सालचा निबंध वाचा. आधीच झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांत, भारत धरून गरीब देशांत, ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणारे ८.८ टक्के निघाले आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेणारे ३.३ टक्के. श्रीमंत देशांत स्टॅटिन ६६.५ टक्के. ज्यांना गोळीचा फायदा निर्विवाद आहे, तेच ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती सोडतात. त्याच ‘प्युअर’च्या २०१७ सालच्या निबंधावरून ‘तूप बिनधास्त खा’ अशाही बातम्या झाल्या. १८ देशांतल्या १,३५,३३५ लोकांच्या आहाराची ती प्रश्नावलीवरची नोंद होती, चाचणी नव्हती. पिठूळ पदार्थ सर्वाधिक खाणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. पण अनेक ठिकाणी ताटात नुसता भात असणं हे गरिबीचंही माप असतं, आणि ती आकडेमोडीतून पूर्ण वगळता येत नाही. त्यातून घ्यायचं तर एवढं घ्या: भात-पोळीतला एक वाढा कमी करून तिथे उसळ वाढवा. अँजिओप्लास्टी झालेल्याने तुपाचा निकाल बातमीवरून लावू नये. आहारात बदल करून सहा ते बारा आठवड्यांनी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तपासावं, आणि तोवर स्टॅटिन चालू ठेवावं.